क्रूझवरची फॉर्मल नाइट: बायकांनी काय घालावं, काय न्यावं, काय घरीच ठेवावं

सिंगापूरहून निघालेल्या आमच्या पहिल्या क्रूझचा दुसरा दिवस. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि केबिनच्या पलंगावर माझ्या तीन साड्या पसरल्या होत्या. तिन्ही चुरगळलेल्या. घरून आठवणीने छोटी इस्त्री नेली होती, पण बोटीवर चढताना सामानाच्या तपासणीत ती काढून ठेवली गेली आणि चार दिवसांनी उतरताना परत मिळाली. संध्याकाळी फॉर्मल नाइट, म्हणजे नटूनथटून जेवायला जायची रात्र, होती. तिन्हींतली त्यातल्या त्यात बरी साडी नेसले आणि जेवण होईपर्यंत पदराच्या सुरकुत्या हाताने सारख्या करत बसले.

त्यानंतर मुलाकडे अमेरिकेत गेलो तेव्हा सिअॅटलहून अलास्काची सात रात्रींची सफर झाली. या खेपेला विहीणबाई सोबत होत्या. वय बहात्तर, गुडघे दुखरे आणि आयुष्यभर साडीखेरीज दुसरं काही अंगाला लावलेलं नाही. त्यांची आणि माझी तयारी मी महिनाभर आधीपासून केली आणि दोन्ही फॉर्मल रात्री आम्ही सुखाने नेसलो, जेवलो, फोटो काढले. तेव्हापासून ओळखीतली कोणी क्रूझला निघाली की फोनवर तेच प्रश्न येतात. गाऊन शिवायला हवा का? साडी चालते का? किती न्यायच्या? म्हणून सगळं क्रमाने लिहून काढलं आहे.

सर्वांत मोठी शंका आधी मिटवते. साडी चालते. नुसती चालते असं नाही, फॉर्मल म्हणून ती पूर्ण मानली जाते. कुनार्डसारख्या जुन्या ब्रिटिश कंपनीचे पोशाखाचे नियम सर्वांत कडक समजले जातात, तिथेही गाला रात्री (फॉर्मल नाइटचं त्यांचं नाव) राष्ट्रीय पोशाखाला मान्यता आहे. तेव्हा केवळ या एका रात्रीसाठी, पुन्हा कधी अंगाला न लागणारा झगा विकत घेऊ नका.

१. आधी तुमच्या कंपनीचा शब्द कोणता ते पाहा

फॉर्मल नाइट म्हणजे सफरीतली अशी एखादी संध्याकाळ, जेव्हा मुख्य डायनिंग रूममध्ये नटूनथटून जेवायला जायचं असतं. त्याच संध्याकाळी बहुतेक बोटींवर कॅप्टन प्रवाशांना भेटतो, जिन्याजवळ फोटोग्राफर पडदे लावून उभे असतात आणि काही बोटींवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचतात. मात्र प्रत्येक कंपनी या रात्रीला वेगळं नाव देते आणि त्या नावातच कडकपणा किती ते कळतं.

कुनार्डच्या बोटींवर तिला गाला ईव्हनिंग म्हणतात. क्वीन मेरी २ या बोटीची साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्रींची सफर प्रसिद्ध आहे. तिच्यावर गाला रात्री पुरुष काळा सूट आणि बो टाय घालून येतात, आणि कधी कधी त्या रात्रीला काळा-पांढरा किंवा मुखवट्यांचा असा विषयही दिलेला असतो. बाकीच्या रात्रींनाही संध्याकाळी सहानंतर नीटनेटकं राहावं लागतं. प्रिन्सेस ही कंपनी फॉर्मल हाच शब्द वापरते. कार्निव्हलवर त्याला क्रूझ एलिगंट म्हणतात, सेलिब्रिटीवर इव्हनिंग शिक. या दोन्ही ठिकाणी सिल्कचा कुडता आणि पलाझोही अगदी शोभून दिसतो. एमएससी आणि कोस्टा या इटालियन वळणाच्या बोटींवर गाला रात्र असते आणि शिवाय पुष्कळदा पांढऱ्या कपड्यांची एक रात्र. नॉर्वेजियनवर नटण्याची सक्ती मुळीच नाही. व्हायकिंगवर फॉर्मल नाइट हा प्रकारच नाही.

कंपन्या हे नियम अधूनमधून बदलतात. तुमच्या सफरीच्या कागदपत्रांत किंवा कंपनीच्या अॅपमध्ये पोशाखाचं पान असतं, ते स्वतः वाचा. टूर कंपनीचा माणूस फोनवर "काही नाही हो, काहीही चालतं" असं म्हणाला तर त्यावर विसंबू नका. पहिल्या वेळी मी विसंबले होते.

२. किती रात्री आणि कोणत्या

तीन-चार रात्रींच्या सफरीत बहुधा एक, आठवड्याच्या सफरीत बहुधा दोन. पहिली संध्याकाळ जवळजवळ कधीच फॉर्मल नसते, कारण सामानाच्या बॅगा केबिनच्या दाराशी पोचेपर्यंत अंधार पडतो. शेवटचीही नसते, कारण त्या रात्री बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात. फॉर्मल रात्र शक्यतो ज्या दिवशी बोट कुठल्याच बंदराला लागत नाही त्या दिवशी ठेवतात, म्हणजे लोकांना तयारीला वेळ मिळतो.

अलास्काला याचा एक वेगळाच अनुभव येतो. हिमनदी पाहण्याचा दिवस हाही बंदर नसलेला दिवस. सकाळभर टोपी, हातमोजे, दोन स्वेटर आणि वर जाड जाकीट घालून तुम्ही डेकवर उभ्या असता आणि त्याच संध्याकाळी रेशमी साडी नेसायची असते. त्या दिवशी दुपारी तीनला डेकवरून खाली या. गरम पाण्याने आंघोळ करा, अर्धा तास आडव्या व्हा. नाहीतर थंडीने आखडलेल्या बोटांनी निऱ्या धरवत नाहीत, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

३. साडी, ड्रेस की आणखी काही

ज्यात तुम्ही तीन तास बसू शकता, दोन जिने चढू शकता आणि जेवू शकता ते घाला. माझ्या मते ज्या बाईला साडीची सवय आहे तिने साडीच नेसावी. ज्या मुलीने लग्नाशिवाय साडी नेसलेली नाही तिने बोटीवर पहिला प्रयोग करू नये.

साडी नको असेल तर घोट्यापर्यंत येणारा अनारकली, सिल्कचा लांब कुडता आणि शरारा, साधा काळा किंवा गडद रंगाचा गुडघ्याखाली येणारा ड्रेस, चांगली पँट आणि वर भरतकामाचं जाकीट, यातलं काहीही चालतं. घागरा नेऊ नका. तो बॅगेत अर्धी जागा खातो, केबिनच्या बाथरूममध्ये मावत नाही आणि डायनिंग रूममधल्या दोन खुर्च्यांच्या मधून जाताना अडकतो.

एक शब्दाचा घोळ असतो. आपल्या घरांत गाऊन म्हणजे घरात घालायचा, सुती, ढगळ. विहीणबाईंना सुनेने "तिथे सगळ्या गाऊन घालतात" असं सांगितलं तेव्हा त्या खरोखर अस्वस्थ झाल्या होत्या. घरातल्या मोठ्यांना हे नीट समजावून सांगा: तो पायघोळ, समारंभाचा झगा असतो आणि तो घालायलाच हवा असंही नाही.

नऊवारी न्यावी का? नेसता येत असेल तर अवश्य न्या. चालायला नऊवारीइतकी मोकळी दुसरी साडी नाही. पण आतली, बिनखिडकीची केबिन साधारण १५० ते १८० चौरस फुटांची असते आणि त्यातली बरीचशी जागा पलंगाने व्यापलेली. नऊ वार पसरून काष्टा घालायला तेवढी जागा अपुरी पडते. शिवलेली नऊवारी असेल तर हा प्रश्न उरत नाही.

४. कापड निवडा, रंग त्यानंतर

सगळ्यात जास्त विचार इथे करायचा, कारण बोटीवर इस्त्री नाही.

क्रेप हे माझं पहिलं उत्तर. क्रेपच्या धाग्याला भरपूर पीळ दिलेला असतो, त्यामुळे कापड घडीवर दुमडलं तरी सुरकुती धरून बसत नाही. म्हैसूर सिल्कची क्रेपची साडी बॅगेतून काढून दोन तास टांगून ठेवली की नेसण्याजोगी होते. अंगाबरोबर राहते, फुगत नाही, रेशमाची झळाळी आहे आणि जरीचा काठही आहे. विहीणबाईंना आम्ही हीच दिली, गर्द जांभळी. जॉर्जेटही चांगलं, आणि ते आणखी हलकं. शिफॉन मात्र निसटतं आणि वाऱ्यावर उडतं. सवय असेल तरच.

पैठणी. हा प्रश्न प्रत्येक जण विचारते आणि त्यामागची इच्छा मला कळते. परदेशी माणसांमध्ये आपली पैठणी नेसून उभं राहावं असं कोणाला वाटणार नाही? खरी हातमागाची पैठणी नेसलात तर टेबलावरच्या अनोळखी बायका पदराला हात लावून विचारतात, हे मोर छापले आहेत की विणले? विणलेले आहेत, आणि पदराची उलटी बाजूही सुलटीइतकीच स्वच्छ आहे, हे दाखवताना आनंद होतो. पण ती जड असते, जरीवर घडी बसली की तिथे मोडते आणि तिच्यावर सांडलेलं काही सहज निघत नाही. म्हणून न्यायची तर एकच न्या, तीही घडी न करता गुंडाळून, आणि शक्यतो दोनपैकी दुसऱ्या फॉर्मल रात्रीसाठी ठेवा. तोवर बोटीवर कसं वावरायचं ते अंगवळणी पडलेलं असतं. आजीची किंवा सासूबाईंची जुनी पैठणी मात्र घरीच राहू द्या. जुनं रेशीम घडीवर फाटतं.

चंदेरी आणि महेश्वरी हलक्या आणि देखण्या आहेत, सुरकुत्या थोड्या पडतात, पण नीट बांधल्या तर निभावतं. पांढऱ्या रात्रीसाठी मोतिया रंगाची, बारीक जरीकाठाची चंदेरी मला सर्वांत आवडते. पांढरं नेसायला मन घेत नसेल तर जरीचा काठ आणि रंगीत ब्लाउज घातला की ती शुभ्र आणि सणाची, दोन्ही दिसते. ऑर्गेंझा, टिश्यू, टसर, लिनन आणि कडक सुती साड्या या रात्रीसाठी घेऊ नका. बॅगेतून बाहेर आल्यावर त्यांना इस्त्रीशिवाय रूप येत नाही.

आता रंग. फॉर्मल नाइटला डायनिंग रूम काळ्या रंगाने भरलेली असते. आपल्याकडे समारंभाला काळं नेसत नाहीत, अपवाद संक्रांतीचा. तीच संक्रांतीची काळी चंद्रकळा वर्षभर कपाटात पडून असते. तिला इथे काढा. काळं नकोच असेल तर वाइन, गडद हिरवा, मोरपंखी, जांभळा. बोटीवरच्या पिवळसर दिव्यांत हे रंग फोटोत फार सुंदर येतात.

५. शिंप्याकडे निदान तीन आठवडे आधी

ब्लाउज घालून बघा, हात वर करून बघा, खुर्चीत बसून बघा. क्रूझवर चौथ्या दिवसापर्यंत जेवणामुळे अंगावरचं थोडं घट्ट होतं, म्हणून आत दाब सोडलेला असू द्या. दोन साड्यांना एकच ब्लाउज चालेल असं जमवता आलं तर उत्तम: काळा किंवा सोनेरी ब्रोकेड. अलास्का, नॉर्वे अशा थंड ठिकाणी लांब बाह्यांचा मखमली ब्लाउज शिवून घ्या. आमच्या दोघींच्या तयारीतली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच ठरली.

फॉल-पिको तपासा. टाका सुटलेला असेल तर घरीच घालून घ्या. परकराच्या नाडीऐवजी रुंद पट्टा किंवा अंगाबरोबरचा साडीचा स्कर्ट असेल तर बरं. ज्यांना बोट लागते त्यांना पोटावर घट्ट आवळलेली नाडी अजिबात सोसत नाही.

आणि एकदा घरी पूर्ण नेसून बघा. चपला, पर्स, शाल, सगळं घेऊन. साडीची उंची चपलेच्या टाचेवर अवलंबून असते, आणि बोटीवर गेल्यावर चप्पल बदलली तर नेसण सगळं पुन्हा.

६. इस्त्रीचा सापळा

प्रवासी इस्त्री, स्टीमर, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, उदबत्ती: ही सगळी बहुतेक बोटींवर बंदी असलेली यादी आहे. कारण साधं आहे, समुद्रात आग हा सर्वांत मोठा धोका. तपासणीत सापडलं की काढून ठेवतात. लपवून नेण्याचा विचारही करू नका.

मग मार्ग काय? प्रिन्सेसच्या बहुतेक बोटींवर प्रवाशांसाठी कपडे धुण्याची खोली असते आणि तिथे इस्त्री मिळते. कुनार्डवरही असते. तिथे फॉर्मल नाइटच्या दुपारी रांग लागते, म्हणून सकाळी नाश्त्याआधी जा. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटीवर अशी खोली नाही. कपडे केबिन सांभाळणाऱ्या माणसाकडे पिशवीत घालून द्यायचे आणि ते नगाप्रमाणे पैसे घेऊन इस्त्री करून आणतात. ब्लाउज, कुडता, नवऱ्याचा शर्ट त्यांना खुशाल द्या. जरीची साडी मी देणार नाही. सहा वार कापड त्यांच्या सवयीचं नसतं आणि जरीवर किती गरम इस्त्री चालते हे तिथे कोण सांगणार?

माझी पद्धत अशी. निघण्याआधी दोन-तीन दिवस साडी रोलप्रेसला दिली. दुकानदाराला सांगितलं की घडी घालू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून द्या. त्यावर जुनं मऊ सुती धोतर गुंडाळलं आणि ती नळी बॅगेत तिरकी ठेवली. जॉर्जेटच्या साडीच्या निऱ्या आणि पदर घरीच घालून, इस्त्री करून, पिना लावून ठेवला आणि हॅंगरवर दुमडून नेला. बोटीवर पोचल्याबरोबर दोन्ही साड्या बाहेर काढून कपाटात टांगल्या. जॉर्जेटला राहिलेल्या बारीक सुरकुत्या आंघोळीच्या वेळी बाथरूमच्या दाराशी टांगून वाफेने गेल्या. वाफेचा उपाय जरीच्या रेशमाला करू नका.

केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी पत्र्याच्या असतात. चुंबकाचे दोन-चार हूक नेलेत तर साडी, शाल, पर्स सगळं भिंतीवर टांगता येतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि वजन काहीच नाही.

७. बॅग भरताना

हातातल्या बॅगेत ठेवायचं: पासपोर्ट, व्हिसा, बोटीचा बोर्डिंग पास, प्रवास विमा, औषधं, दागिने, पहिल्या संध्याकाळचा एक साधा पण नीट ड्रेस आणि एक शाल. मोठी बॅग बंदरावर हमालांच्या ताब्यात गेली की ती संध्याकाळीच दिसते. सिअॅटलहून अलास्काला जाणाऱ्यांसाठी कपड्यांशी संबंध नसलेली एक सूचना इथेच देते: त्या सफरीत बोट कॅनडाच्या बंदराला लागते आणि भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसाही लागतो. नुसत्या अमेरिकेच्या व्हिसावर निभत नाही.

मोठ्या बॅगेत, फॉर्मल रात्रींसाठी:
- दर रात्रीला एक साडी किंवा ड्रेस; जास्तीची साडी नको
- ब्लाउज दोन, परकर दोन
- लहान-मोठ्या सेफ्टी पिना डबीभर, साडीच्या रंगाची सुई-दोरा, छोटी कात्री
- शाल किंवा जाड स्टोल एक
- बंद होणारी छोटी पर्स, लांब साखळीची
- टाल्कम पावडरची छोटी डबी, टिकल्यांचं पाकीट
- पातळ थर्मल लेगिंग, थंड प्रदेश असेल तर
- चुंबकाचे हूक, दोन हॅंगर

बॅग घरच्या काट्यावर तोला. साड्यांचं वजन आपण नेहमी कमी धरतो.

८. पायांत काय

रुंद टाचेची, मागे पट्टा असलेली सँडल. उंच, बारीक टाच नको. समुद्र शांत असला तरी बोट हलते आणि नाट्यगृहाच्या पायऱ्या उतरताना ते पहिल्यांदा जाणवतं. डेक ओला असतो. कातडी तळाची कोल्हापुरी साडीवर देखणी दिसते, पण गुळगुळीत फरशीवर घसरते. न्यायचीच असेल तर चांभाराकडून खाली रबराचा पातळ तळ लावून घ्या. विहीणबाईंनी काळे, मऊ, सपाट बूट घातले. साडीखाली ते दिसलेही नाहीत.

गुडघे दुखणाऱ्यांनी साडी नेहमीपेक्षा बोटभर वर नेसावी. व्हीलचेअरवर बसणाऱ्या असतील तर पदर पुढे मांडीवर घ्या आणि पिन लावा. चाकात पदर अडकला तर मोठा अपघात होतो.

९. दागिने कमी, एकच ठसठशीत

मोती न्या. तन्मणी, चिंचपेटी, मोत्यांच्या कुड्या: हे या रात्रीला सोन्यापेक्षा खुलतात आणि गेले तरी जीव जात नाही. ठुशी नेलीत तर मोठा हार घरी ठेवा. दाबाची नथ फोटोपुरती घाला आणि जेवायला बसण्याआधी काढून पर्समध्ये ठेवा.

खरे, किमती दागिने नेणारच असाल तर भारतातून निघताना विमानतळावर कस्टम्सच्या अधिकाऱ्यांकडून त्या दागिन्यांचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परतताना ते परदेशात घेतले का हा प्रश्न येत नाही. त्यासाठी दुकानाची पावती, दागिन्यांचे फोटो बरोबर असू द्या आणि विमानतळावर लवकर पोचा. केबिनमध्ये तिजोरी असते. रोजच्या बंदरावर फिरायला जाताना दागिने तिथेच ठेवा.

अत्तर किंवा सेंट साडी नेसण्याआधी अंगाला लावा. जरीवर उडालं तर ती काळी पडते.

१०. प्रत्यक्ष त्या संध्याकाळी

जेवणाच्या वेळेआधी दोन तास मोकळे ठेवा. दोघी एका केबिनमध्ये असाल तर एकीने आधी आंघोळ करून नेसायला घ्यावं, दुसरीने मग. मोठा आरसा एकच असतो आणि तोही दाराजवळच्या बोळकांडीत.

पदराच्या बारीक चुण्या करून खांद्यावर दोन पिना, आणि मागे ब्लाउजला आतून एक. सुटा पदर फोटोत छान दिसतो, पण सूपच्या वाटीत जातो आणि डेकवर पाऊल टाकलं की वाऱ्याने तोंडावर येतो. निऱ्यांना आतून एक मोठी पिन.

फोटो जेवणाआधी काढा. फोटोग्राफर हसून बोलावतील. उभं राहायला पैसे पडत नाहीत, फोटो विकत घेतला तरच पडतात, आणि ते बरेच असतात. घ्यायलाच हवा असं कोणी म्हणत नाही. मोठ्या जिन्यावर आपल्या फोनवर सोबतच्या कोणाकडून काढून घेतलेले फोटो आमच्याकडे जास्त चांगले आले.

डायनिंग रूम आणि नाट्यगृह, दोन्हीकडे एसी जबरदस्त असतो. शाल बरोबर हवीच. मांडीवरचा नॅपकिन रेशमावरून घसरतो, त्याचं एक टोक निऱ्यांच्या वर कमरेला खोचा. तेलकट काही सांडलं तर पाण्याने चोळू नका. कोरड्या कागदाने टिपा, केबिनमध्ये आल्यावर टाल्कम पावडर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी हलकेच झटका. शाकाहारी असाल तर आदल्या रात्रीच वाढणाऱ्या माणसाला सांगून ठेवा, कारण या रात्रीच्या जेवणात मासे-मटण जास्त असतं. आधी सांगितलं तर वेगळं करून आणतात.

बोट लागत असेल तर गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्या, डॉक्टरांना घरूनच विचारून. मळमळायला लागलं तर खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी जाऊन बसा. तिथे हेलकावे कमी जाणवतात.

आणि टेबलावर कोणी साडीबद्दल विचारलं तर सविस्तर सांगा. अलास्काच्या सफरीत शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्क बाईंनी विहीणबाईंना विचारलं की एवढं लांब कापड न शिवता अंगावर राहतं कसं. विहीणबाईंना इंग्रजी फारसं येत नाही. त्यांनी उभं राहून एक निरी सोडून पुन्हा घालून दाखवली. पुढचे चार दिवस त्या बाई रोज नाश्त्याला हात करून आम्हाला बोलवायच्या.

११. नटायचंच नसेल तर

तरीही उपाशी राहावं लागत नाही. वरच्या मजल्यावरचा बुफे त्या रात्रीही चालू असतो आणि बहुतेक बोटींवर तिथे साधे कपडे चालतात. कुनार्डवर मात्र गाला रात्री साध्या कपड्यांत वावरायच्या जागा ठरलेल्या आहेत, त्या आधी पाहून ठेवा. ज्या मुलीला दमायला झालं आहे, जिचं बाळ लहान आहे, जिला त्या दिवशी बरं नाही, तिला आग्रह करू नका. मुख्य डायनिंग रूममध्ये पोहण्याचे कपडे, घरातल्या रबरी स्लिपरा आणि अगदी आखूड चड्ड्या कोणत्याच रात्री चालत नाहीत, एवढं मात्र मुलांनाही सांगून ठेवा. नवऱ्यासाठी बंदगळा किंवा कुडत्यावर जाकीट पुरे आहे; सूट नसेल तर नवा शिवू नका.

१२. परत आल्यावर

बोटीवर शेवटच्या रात्री बॅग दाराबाहेर ठेवताना दुसऱ्या सकाळी घालायचे कपडे आत राहिले आहेत ना ते बघा. हे विसरणाऱ्या बायका प्रत्येक सफरीत असतात. घरी आल्याबरोबर साड्या बॅगेतून काढा. समुद्राची दमट हवा कापडात असते, तशाच कपाटात गेल्या तर जरीचा काठ काळा पडतो. एक दिवस सावलीत, पंख्याखाली पसरून ठेवा, डाग असेल तर ड्रायक्लीनला देताना तो कशाचा आहे ते सांगा, आणि नंतर आधीपेक्षा वेगळ्या जागी मोडून घडी घाला.